गारवा कोणाचा, धग कोणाला?

गेल्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरातील वातानुकूलन यंत्राने अखेर मान टाकली. खिडकीत बसवायचे, दीड टनाचे ते यंत्र आम्ही २००७ साली घेतले होते. वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मुंबईच्या उपनगरातील आमची चौथ्या मजल्यावरची, गच्चीखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापे आणि डॉक्टरांनी त्यांना उकाड्यापासून जपा, असे बजावले होते. पुढे वडील गेले, यंत्र राहिले. आता त्याच खोलीत ऐंशी ओलांडलेली आई झोपते. गेली पाच वर्षे दर उन्हाळ्याच्या तोंडी ‘गॅस भरून’ आम्ही त्या यंत्राचे आयुष्य वाढवीत आलो होतो. या खेपेस मेकॅनिकने झाकण उघडून पाहिले आणि तो म्हणाला, “काका, आता याच्यावर पैसे घालू नका. कॉम्प्रेसर गेला. नवीनच घ्या.”

ही हकीकत मी चळवळीतील एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या कानावर घातली. ते हसून म्हणाले, “अहो, आपण माठातले पाणी पिऊन आणि सतरंजीवर झोपून शिबिरे घेतली. तुमच्या समाजवादाला आता गार हवा लागू लागली काय?” विनोद जिव्हारी लागला, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने नेमके उलटे टोक गाठले. “साहेब, पाच ताऱ्यांचे यंत्र घ्या. बिल वाचेल आणि पर्यावरणही वाचेल.” एकाच्या मते हे यंत्र म्हणजे पाप, दुसऱ्याच्या मते ते पुण्य. परंतु या दोघांत एक साम्य आहे. दोघेही हा प्रश्न एका गृहस्थाच्या खाजगी नीतीचा समजतात. मला वाटते, जुने यंत्र काढून नवे बसवणे हा व्यवहार दिसतो तितका खाजगी नाही. त्यात गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्याखेरीज आणखी तीन पक्ष आहेत आणि सौदा ठरताना त्या तिघांना कोणीही विचारीत नाही. त्या तिघांची बाजू मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

गारवा ही चैन आहे काय?

आधी स्नेह्यांच्या आक्षेपाला उत्तर द्यावयास हवे. वातानुकूलनाचा इतिहास पाहिला, तर त्याचा जन्म साहेबी चैनीतून झाला असे दिसत नाही. त्याचा जन्म कारखान्यात झाला. अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा योजली. ती कामगारांच्या सुखासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगे, आक्रसे आणि एका रंगाची छपाई दुसऱ्या रंगावर नीट बसत नसे, म्हणून ती हवी होती. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने योजला, तोही सुताच्या काळजीपोटी. गिरणगावातील जुन्या माणसांना ही गोष्ट नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवीत आणि त्या दमट उकाड्यात विणकर पाळीभर घामाने निथळत उभा असे. हवेची निगा प्रथम मालासाठी राखली गेली. माणसाची पाळी नंतर आली आणि तीही ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे आली.

म्हणून ‘आम्ही कधी गार हवा मागितली नाही’ हा अभिमान मला पुरेसा वाटत नाही. ज्या हवेत आपण शिबिरे घेतली, ती हवाही आता राहिलेली नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या एका महिन्यात एरवीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्या धक्क्यातूनच २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानात एका शासकीय सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात बसवली गेली आणि उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. ऊन आता केवळ ऋतूचा भाग राहिलेले नाही. ते सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाले आहे. म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला रात्री काही तास तरी शरीर निवू देणे ही गरज आहे. तिला चैन म्हणणे क्रूरपणाचे होईल.

परंतु ही गरज भागते कोणाची? केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतलनाविषयीचा जो राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यात देशातील सुमारे आठ टक्के घरांत वातानुकूलन यंत्र असल्याचे नमूद आहे. पुढील वीस वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांपर्यंत जाईल, असा अंदाजही त्यात आहे. तो अंदाज खरा ठरला तरी साठ टक्के घरे बाहेरच राहतात. या घरांपैकी पुष्कळ घरांना शेजारच्या चाळीस टक्क्यांच्या यंत्रांची धग मात्र मिळणार आहे. तेथूनच पहिल्या अनुपस्थित पक्षाची गोष्ट सुरू होते.

बोळातला माणूस

हे यंत्र थंडी निर्माण करते, असा आपला समज असतो. तसे काही घडत नाही. ते खोलीतील उष्णता उचलते आणि बाहेर फेकते. ‘टन’ हे मापसुद्धा बर्फाच्या जमान्यातले आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खेचणारे यंत्र ते एक टनाचे. आजच्या मापात ही शक्ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. आमचे दीड टनाचे यंत्र पूर्ण वेगाने चाले, तेव्हा ते खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसे आणि त्यासाठी स्वतः सुमारे दोन किलोवॅट वीज खाई. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे खिडकीच्या बाहेरच्या तोंडातून सात किलोवॅटहून अधिक धग बाहेर पडे. दोन किलोवॅटच्या साडेतीन विजेच्या शेगड्या भिंतीबाहेर पेटवून ठेवाव्यात, असा हा प्रकार आहे.

आमच्या इमारतीमागे आठ फुटांचा एक बोळ आहे. पलीकडे जुनी बैठी चाळ असून तिच्यावर पत्रे आहेत. बोळाच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री घेऊन बसतो. यंत्र बंद पडल्यावर मी प्रथमच त्या बोळात उभे राहून वर पाहिले आणि मोजले. बोळात एकवीस यंत्रांची तोंडे उघडत होती. आमचे बावीसावे. चाळीतील एका बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “रात्री खिडकी उघडली की भपकाराच येतो. म्हणून बंदच ठेवतो आम्ही.” त्यांच्या घरी एक पंखा आहे. पंखा पंच्याहत्तर वॅट घेतो. आमच्या एका जुन्या यंत्राच्या विजेत असे सव्वीस पंखे चालले असते.

आता विक्रेत्याच्या पुण्याकडे वळू. नव्या, अधिक ताऱ्यांच्या यंत्राने वीज निम्मी लागते, हे बहुतांशी खरे आहे. परंतु बोळातील धग निम्मी होत नाही. खोलीतून उपसलेली उष्णता तेवढीच राहते. फक्त ती उपसण्यासाठी लागणारी वीज घटते. हिशेब केला तर बाहेर पडणारी धग फार तर चौदा टक्क्यांनी कमी होते. साऱ्या शहराच्या जमाखर्चात भर पडते ती वापरलेल्या विजेचीच, हे मान्य. म्हणून कमी वीज खाणारे यंत्र शहरासाठी चांगलेच. पण यंत्राच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला शहराच्या सरासरीने काय फरक पडणार? त्याच्यासाठी उपाय एकच आहे. मुळात खोलीत शिरणारी उष्णता कमी करणे आणि यंत्र ऊर्ध्वश्वास लागेपर्यंत न चालवणे. गच्चीला पांढरा लेप दिला, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली केली आणि यंत्र वीस अंशांऐवजी सव्वीसवर ठेवून सोबत पंखा लावला, तर बिल आणि धग दोन्ही उतरतात. एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोच सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताच चोवीस अंशांवर असावीत, असा नियमही झाला आहे. परंतु ही गोष्ट विक्रेता सांगत नाही, कारण गच्चीच्या पांढऱ्या रंगावर त्याला दलाली नाही.

तारेचे दुसरे टोक

दुसरा अनुपस्थित पक्ष आमच्यापासून शेकडो मैलांवर राहतो. मुंबईच्या विजेचा इतिहास हा दुसऱ्यांच्या भूमीचा इतिहास आहे. १९२१ साली मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सत्याग्रह मोडला, धरण झाले, भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि भिऱ्याच्या विद्युतगृहातून वीज मुंबईकडे निघाली. पुढे गरज वाढत गेली, तशी तारही लांबत गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची, पंधराशे मेगावॅट वाहून नेणारी खास वाहिनी टाकण्यात आली. तिच्या पूर्वेकडील टोकाशी २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत आणि राखेचे बंधारे आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात अगदी वरच्या जागी होते.

विजेच्या जाळ्यात कोणाचे युनिट कोणाच्या घरी गेले, हे निवडून काढता येत नाही. तेव्हा ‘माझी वीज चंद्रपूरची’ असे मी म्हणणार नाही. परंतु मे महिन्याच्या रात्री जेव्हा शहरभर यंत्रे एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि ती वाढीव मागणी भागवण्यासाठी प्रामुख्याने कोळसाच जळतो. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोचली. तो उच्चांक उष्णतेच्या लाटेतच नोंदवला गेला. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंश सहज ओलांडतो, तेथे राख श्वासात घेणाऱ्या माणसाने मुंबईकराच्या सुखनिद्रेसाठी कोळसा जाळावा आणि स्वतः मात्र वाळ्याचा कूलर लावावा, तोही पाणी असेल तर! मुळशीच्या शेतकऱ्याने जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर शंभर वर्षांनंतरही दिले गेलेले नाही. म्हणून मी असे मानतो की, वीस वर्षांचे जुने, वीज पिणारे यंत्र ‘चालतेय तोवर चालू द्या’ म्हणून रेटणे ही काटकसर नव्हे. ती दुसऱ्याच्या खर्चाने केलेली काटकसर आहे. मी ती पाच वर्षे केली.

गॅस गेला कोठे?

ती काटकसर किती महागात पडली, हे मला मेकॅनिकने समजावले. यंत्रातील गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो एका बंद नळीत फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ तो गळला. आम्ही दरवर्षी गळती न शोधता नवा गॅस भरला आणि दरवर्षी तो हवेत गेला. हा गॅस आर-२२ या नावाचा. तो पृथ्वीच्या ओझोन थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो जगभर टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. शिवाय हवा तापवण्याच्या बाबतीत तो कर्बवायूच्या सुमारे १,८०० पट जहाल आहे.

थोडा ढोबळ हिशेब वाचकांपुढे ठेवतो. यंत्रांवरील ताऱ्यांचे मोजमाप वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर होते. तेवढा वापर धरला, तर आमच्यासारख्या जुन्या यंत्राऐवजी चांगले नवे यंत्र घेतल्याने वर्षाला सहाशे ते साडेसहाशे युनिटे वाचतील. एक किलो आर-२२ हवेत सोडला, तर त्याचा परिणाम सुमारे एक टन आठशे किलो कर्बवायूइतका होतो. आपल्या देशातील एकूण विजेच्या सरासरी हिशेबात ही जवळजवळ अडीच हजार युनिटे झाली. म्हणजे जुने यंत्र काढताना त्यातील किलोभर गॅस मिनिटभरात सोडून दिला, तर नव्या यंत्राची पहिली चार वर्षे त्याची भरपाई करण्यातच जातात. विक्रेत्याचे पाच तारे अशा रीतीने चार वर्षे झाकोळलेलेच राहतात.

नव्या यंत्रांत पुष्कळदा आर-३२ असतो. तो आर-२२ च्या मानाने निम्म्याहून कमी जहाल आहे, पण निरुपद्रवी नव्हे आणि थोडासा ज्वलनशील आहे. प्रोपेनवर चालणारी यंत्रे हवेच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक असून ती भारतातही बनली आहेत. परंतु प्रोपेन पेट घेतो, म्हणून ती बसवणारा हात शिकलेला हवा. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली. तीनुसार अशा जहाल गॅसांचा वापर २०२८ साली गोठवावयाचा आणि २०३२ पासून उतरवत न्यावयाचा आहे. दिल्लीत झालेली ही सही प्रत्यक्षात उतरते कोठे? चौथ्या मजल्याच्या छज्जावर, मेकॅनिकच्या हातातील पान्यापाशी. आणि हा मेकॅनिक तिसरा अनुपस्थित पक्ष होय.

छज्जावरचा माणूस

जुने यंत्र काढायला तो आला, तेव्हा त्याच्यासोबत एक सतरा-अठरा वर्षांचा मदतनीस होता. संगमेश्वरकडचा हा तरुण बारावीनंतर मुंबईत आला आणि काम पाहूनपाहून शिकला. दिवसाला चार-पाच घरे करतो. कामागणिक पैसे मिळतात. कोणाचा नोकर आहे, असे विचारले तर त्याला नीट सांगता येत नाही. दुकानदार म्हणतो तो कंपनीचा, कंपनी म्हणते तो कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो तो स्वतःचाच मालक.

तो खिडकीतून बाहेर उतरला. एक पाय फूटभर रुंदीच्या छज्जावर, दुसरा पाण्याच्या पाइपावर, एका हाताने खिडकीचे गज धरलेले. कमरेला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. तिचे दुसरे टोक मदतनीसाच्या हातात. माझ्या तोंडचे पाणी पळाले. “अरे, पट्टा नाही का तुझ्याकडे?” मी विचारले. तो म्हणाला, “पट्टा कुणी दिला नाही, काका. आणि आणला तरी अडकवायचा कुठे?” मी भिंतीकडे पाहिले. खरोखरच त्या भिंतीत एक कडी नव्हती.

नंतर त्याने पाना हातात घेतला. मी गॅसचे विचारले. तो साठवून घेण्याचे यंत्र असते ना? तो म्हणाला, “असतं. भाड्यानं आणावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो. आणि जमा करून द्यायचा कुणाला?” याही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मिनिटभर फुसफुस आवाज आला आणि जो काही गॅस उरला होता तो बोळात गेला. हे मी लपवून ठेवू शकलो असतो. परंतु एवढे वाचून, हिशेब करून, कळकळ असूनही एकटा गृहस्थ काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्या मिनिटात मला जितके कळले तितके पुस्तकांतून कळले नव्हते. यंत्राचा सांगाडा भंगारवाल्याने तांब्याच्या भावाने नेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशा यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. पण आमच्या दारात उत्पादक आला नाही. भंगारवाला आला.

मेकॅनिकचे ते दोन प्रश्न, पट्टा अडकवायचा कुठे आणि गॅस द्यायचा कुणाला, हे साऱ्या प्रकरणाचे सार आहे. दोन्ही प्रश्नांत त्याची वृत्ती आडवी येत नाही. व्यवस्थेत कडीच नाही.

कडी कोणी बसवायची?

या बाबतीत महाराष्ट्राला परक्या अनुभवाकडे पाहण्याची गरज नाही. ज्याला एक ठरावीक मालक नाही, ज्याचे काम आज या गाळ्यात तर उद्या त्या गोदीत, अशा हमालाला संरक्षण देता येणार नाही, असेच एकेकाळी सांगितले जात होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ते खोटे ठरवले. मालक अनेक असतील, तर मंडळ एक करा. कामगाराची नोंद तेथे, मजुरी तेथून आणि लेव्हीच्या पैशातून भविष्यनिर्वाह निधी व औषधपाणीही तेथून. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला, त्यामागचे तत्त्वही हेच. त्या मंडळांच्या कारभारातील दोष मला ठाऊक आहेत. परंतु कारभार बिघडला म्हणून तत्त्व बाद होत नाही. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वातानुकूलन यंत्रावर एक टक्का लेव्ही बसवावी आणि तीतून मेकॅनिकांची नोंदणी, प्रशिक्षण, अपघात विमा, पट्टे व गॅस साठवण्याची यंत्रे यांची सोय करावी. महानगरपालिकेच्या प्रत्येक वॉर्डात जुना गॅस आणि जुने यंत्र दाम देऊन स्वीकारणारे एक केंद्र असावे. हा भार गिऱ्हाइकावर पडेल, असे म्हटले जाईल. पडू द्या. चाळीस हजारांच्या यंत्रामागे चारशे रुपये हा छज्जावरच्या माणसाच्या जिवाचा मोठा भाव नव्हे.

दुसरी गोष्ट कराची. सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला गेला. यंत्र स्वस्त व्हावे, याला माझा विरोध नाही. परंतु चाळीतील त्या बाईंच्या पंख्यावरही १८ टक्केच कर आहे. तीस-पस्तीस वॅटमध्ये चालणारे नवे पंखे बाजारात आहेत. ते जुन्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतात. पण किमतीमुळे ज्या घरांना त्यांची खरी गरज, त्याच घरांना ते परवडत नाहीत. आठ टक्क्यांच्या यंत्राला आणि सगळ्यांच्या पंख्याला एकाच तागडीत तोलणारी करनीती समतेची म्हणता येणार नाही. अशा पंख्यावरील कर काढून टाकावा, एवढे तरी व्हावयास हवे.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. आमचे जुने यंत्र कोणताही कसबी माणूस पान्या-पकडीने उघडून दुरुस्त करू शके. नवे यंत्र विजेची बचत करते, पण त्याचे मर्म एका इलेक्ट्रॉनिक पट्टीत आहे. ती कंपनीकडूनच मिळते आणि तिची किंमत ऐकली की नवे यंत्र घेतलेले बरे वाटते. अशाने पाच तारे पाच वर्षांत भंगारात जातात. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती किमान दहा वर्षे खुल्या बाजारात मिळालीच पाहिजे, असे बंधन उत्पादकांवर हवे. त्यात गिऱ्हाइकाचे हित आहेच, शिवाय संगमेश्वरच्या त्या तरुणाचे कसबही त्यावर जगणार आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सार्वजनिक गारवा. तेलंगणाने २०२३ साली छपरे थंड ठेवण्याचे धोरण जाहीर केले. मुंबई, नागपूर, चंद्रपूर येथील पत्र्याच्या प्रत्येक छपराला पालिकेने पांढरा लेप का देऊ नये? एका दुपारी केलेले काम खोलीचे तापमान काही अंशांनी उतरवते आणि त्याची धग कोणाच्याच बोळात जात नाही. प्रत्येक वॉर्डात उन्हाळ्यात चोवीस तास उघडे असणारे, पाणी आणि पंखे असणारे एक सभागृह वा वाचनालय का असू नये? माझ्या आईला जी गार झोप मिळते ती चाळीतील म्हातारीला मिळवून देण्याचा मार्ग तिच्याही खिडकीत एक यंत्र बसवणे हा नव्हे. तसे केले तर तो बोळ कोणालाच राहण्याजोगा उरणार नाही. पाण्याचा नळ, दवाखाना, शाळा यांच्यासारखी सावलीही सार्वजनिक मालमत्ता मानावी लागेल.

शेवट घरापासून

हे सारे सरकारने करावे आणि आपण हात जोडून बसावे, असे मात्र मी म्हणत नाही. आम्ही काय केले ते सांगतो. विक्रेता दीड टनाचे यंत्र गळ्यात मारीत होता. खोली एकशे दहा चौरस फुटांची. आम्ही एक टनाचे घेतले. गरजेहून मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि मुंबईच्या हवेतील दमटपणा तसाच राहतो, हेही या निमित्ताने कळले. यंत्र घेण्यापूर्वी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडले. एक, गच्चीला पांढरा लेप देण्याचा. तो मंजूर झाला, कारण त्यात वरच्या मजल्यावरील सर्वांचा फायदा होता. दुसरा, प्रत्येक खिडकीशेजारी पट्टा अडकवण्यासाठी पोलादी कडी बसवण्याचा आणि यंत्रांची तोंडे बोळाऐवजी रस्त्याच्या मोकळ्या बाजूला वळवण्याचा. त्यावर बराच वाद झाला. “आपण कशाला खर्च करायचा? तो त्यांचा धोका आहे,” असे एक सभासद म्हणाले. कड्यांचा भाग अखेर एका मताने संमत झाला. तोंडे वळवण्याचा भाग पुढील सभेवर ढकलला आहे.

नवे यंत्र बसले, त्या दिवशी मेकॅनिकने कडीत पट्टा अडकवला. तो पट्टा सोसायटीने विकत घेतला होता. दोनदा ओढून पाहिला आणि मग तो बाहेर उतरला. आई सव्वीस अंशांवर पंखा लावून शांत झोपते. बोळातील ती खिडकी मात्र अजून बंदच आहे. माझ्या ज्येष्ठ स्नेह्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे की, माझ्या समाजवादाला गार हवा लागते की नाही हा प्रश्न गौण आहे. ती बंद खिडकी उघडावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे आणि पुढच्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे.